एलिसा लोंगो बोर्गिनीची कारकीर्द कशी वाचावी

रोड सायकलिंगमधील एखाद्या खेळाडूविषयी वाचायला बसले की आपली नजर सवयीने विजयांच्या संख्येकडे जाते. या खेळात ती संख्या फार थोडे सांगते. महिलांच्या मोठ्या शर्यतीत शंभराहून अधिक जणी एकाच वेळी निघतात आणि त्यांतली एकच जिंकते. त्या एकीची ताकद वाचावी म्हणून तिच्या संघातल्या इतर जणींनी दिवसभर पुढे राहून वारा अंगावर घेतलेला असतो. इटलीच्या एलिसा लोंगो बोर्गिनीच्या नावावर ऑलिंपिक आणि जागतिक अजिंक्यपद या दोन्ही स्पर्धांच्या वैयक्तिक रस्ता शर्यतींत मिळून पाच कांस्यपदके आहेत, सुवर्ण एकही नाही. तरीही आजच्या इटलीत सायकलिंगचा विषय निघाला की पुरुष खेळाडूंच्याही आधी पुष्कळदा तिचेच नाव घेतले जाते. या दोन गोष्टींत विसंगती वाटत असेल, तर तिची कारकीर्द पुढे दिलेल्या पद्धतीने वाचून पाहावी. हीच पद्धत इतर कोणत्याही महिला सायकलपटूला लागू पडते.

आधी सांगाडा मांडावा

एका कागदावर वर्ष, संघ, शर्यत आणि क्रमांक असे चार रकाने आखावेत. सुरुवातीला यापेक्षा अधिक माहिती गोळा करू नये, कारण तपशिलांच्या गर्दीत कारकिर्दीचा आकार हरवतो. लोंगो बोर्गिनीचा जन्म 10 डिसेंबर 1991 रोजी उत्तर इटलीतील व्हेर्बानिया येथे झाला आणि ती आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ओर्नावास्सो गावात वाढली. आई ग्विदिना दाल सास्सो क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेली, तर थोरला भाऊ पाओलो व्यावसायिक सायकलपटू. ही कौटुंबिक माहिती शोभेसाठी टिपायची नसते. लांब पल्ल्याच्या स्कीइंगला आणि रोड सायकलिंगला एकाच प्रकारचा दम लागतो, आणि इटलीत या दोन्ही खेळांचे नाते जुने आहे. 1985 आणि 1986 मध्ये फ्रान्समधील महिलांची टूर जिंकणारी मारिया कानिन्सही मूळची क्रॉस-कंट्री स्कीपटूच होती.

संघांच्या रकान्यात 2012 ते 2014 हिटेक प्रॉडक्ट्स, 2015 ते 2018 विगल, 2019 ते 2024 ट्रेक (आधी सेगाफ्रेदो आणि नंतर लिडल या प्रायोजकांसह) आणि 2025 पासून युएई टीम एडीक्यू अशी नोंद होते. एवढ्या वर्षांत एवढे थोडे संघ असतील, तर खेळाडूवर विश्वास टाकला गेला आणि तिनेही तो राखला, असा अर्थ बहुतेक वेळा बरोबर ठरतो. संघांच्या जोडीने आणखी एक नोंद करावी, ती म्हणजे फ्यामे ओरो या इटालियन पोलीस दलाच्या क्रीडा पथकाची. इटलीतील अनेक महिला खेळाडू पोलीस, सैन्य किंवा तत्सम दलाच्या पथकात असतात, जसे आपल्याकडे रेल्वे किंवा पोलीस दल खेळाडूंना नोकरी देते. महिलांच्या सर्वोच्च श्रेणीतील संघांसाठी किमान वेतनाचा नियम 2020 मध्ये आला आणि तेव्हा ती रक्कम वर्षाला 15,000 युरो होती. त्याआधीची कारकीर्द वाचताना पगाराचा प्रश्न विसरला, तर कित्येक गुणी मुलींनी पंचविशीतच सायकल का सोडली, हे कळणार नाही.

मग शर्यतींचे प्रकार वेगळे करावेत

सांगाडा तयार झाल्यावर प्रत्येक शर्यतीपुढे ती एक दिवसाची, टप्प्यांची की राष्ट्रीय संघातून खेळायची आहे, हे लिहावे. तिन्ही प्रकारांत जिंकण्याचा अर्थ निराळा असतो.

एक दिवसाच्या शर्यती समजून घेण्यासाठी रस्ता पाहावा, कारण तिथे रस्ताच निम्मी शर्यत ठरवतो. लोंगो बोर्गिनीने फ्लँडर्सची शर्यत 2015 आणि 2024 मध्ये, स्त्रादे बियांके 2017 मध्ये आणि पॅरिस–रुबे 2022 मध्ये जिंकली. बेल्जियममधील फ्लँडर्समध्ये दगडी फरसबंदीचे आखूड पण उभे चढ असतात. तस्कनीतील स्त्रादे बियांकेमध्ये पांढऱ्या मातीचे रस्ते असतात आणि शेवटी सिएना शहरातला अतिशय तीव्र चढ चढून मुख्य चौकात पोहोचायचे असते. रुबेच्या वाटेवर डोंगर अजिबात नाही, पण उघड्याबोडक्या शेतांमधून जाणारे ओबडधोबड दगडी रस्ते आहेत आणि त्यांवर वजनदार, ताकदवान खेळाडूंना फायदा मिळतो असे मानले जाते. चढावर चमकणारी खेळाडू रुबे जिंकते, ही दुर्मीळ गोष्ट आहे. 2022 मध्ये तिने तीस किलोमीटरांहून अधिक अंतर बाकी असताना मुसंडी मारली आणि शर्यत जिथे संपते त्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल धावपट्टीच्या मैदानात, ती एकटी शिरली. मागे लोत्ते कोपेकीसारखी स्प्रिंटमध्ये, म्हणजे अंतिम रेषेजवळच्या वेगवान झुंजीत, तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान खेळाडू होती. आपण शेवटच्या दोनशे मीटरांत हरणार हे ठाऊक असलेल्या खेळाडूने निर्णय आधीच घ्यायचा असतो, आणि लोंगो बोर्गिनीच्या बहुतेक मोठ्या विजयांच्या मुळाशी हेच गणित दिसते.

टप्प्यांच्या शर्यतीत रोजचा वेळ बेरजेत धरला जातो आणि ज्या खेळाडूचा एकूण वेळ सर्वांत कमी, ती एकंदर क्रमवारीत पहिली येते. येथे वाचकाने विजयापेक्षा फरकाकडे, म्हणजे सेकंदांकडे, पाहावे. 2022 ची ब्रिटनमधील विमेन्स टूर तिने ग्रेस ब्राउनपेक्षा अवघ्या 1 सेकंदाने जिंकली. शेवटच्या दिवशी ऑक्सफर्डमध्ये, स्वतःचा हातखंडा नसलेल्या स्प्रिंटमध्ये घुसून तिने तिसरा क्रमांक मिळवला आणि त्याबद्दल मिळालेल्या बोनस सेकंदांवर (एकूण वेळेतून वजा होणाऱ्या सेकंदांवर) संपूर्ण शर्यत फिरली. अशा वेळी निकालपत्रकाच्या तळाशी दिलेले बोनसचे तक्ते वाचल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतील ‘घाटाचा राजा’ हा किताब ज्यांना माहीत आहे, त्यांना चढावरच्या गुणांची स्वतंत्र क्रमवारी समजावून सांगावी लागणार नाही. ती एकंदर क्रमवारीपासून वेगळी असते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

जिरो द’इतालिया ही इटलीतील सर्वांत मोठी शर्यत. महिलांची जिरो 1988 मध्ये सुरू झाली आणि पहिली विजेती मारिया कानिन्सच होती. पुढे फाबियाना लुपेरिनीने ती पाच वेळा जिंकली, शेवटची 2008 मध्ये. त्यानंतर सोळा वर्षे एकही इटालियन महिला विजेती झाली नाही. 2024 मध्ये लोंगो बोर्गिनीने ब्रेशा येथील पहिल्याच दिवसाची टाइम ट्रायल (एकेकीने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा) जिंकून एकंदर क्रमवारीत पहिली असणारीची गुलाबी जर्सी घातली आणि ती शेवटपर्यंत उतरवली नाही. हे वाक्य वाचून सहज विजय झाला असे वाटेल, पण प्रत्येक टप्प्यानंतरची क्रमवारी शेजारी ठेवून वाचावी. ब्लॉकहाउसचा अवघड डोंगर पार झाल्यावर, अखेरच्या टप्प्याच्या आदल्या रात्री, तिची कोपेकीवरील आघाडी 1 सेकंदाची उरली होती. शेवटच्या दिवशी लाक्विलाच्या चढावर तिने कोपेकीला मागे टाकले आणि एकूण फरक 21 सेकंदांवर नेला. 2025 मध्ये चित्र उलट होते. गुलाबी जर्सी स्वित्झर्लंडच्या मार्लेन रॉयसरकडे होती, आणि शेवटून दुसऱ्या दिवशी मोंते नेरोनेच्या चढावर लोंगो बोर्गिनीने ती हिसकावून घेतली. पहिल्या वर्षी आघाडी राखायची होती, दुसऱ्या वर्षी ती मिळवायची होती. सलग दोन जिरो, एवढीच नोंद केली तर हा फरक वाचणाऱ्याच्या हाती लागत नाही.

संघाशिवाय निकाल वाचू नये

नवा वाचक सर्वाधिक चुकतो ते येथे. क्रमांकासमोर नेहमी एक प्रश्न लिहावा: त्या दिवशी तिच्या संघातले कोण पुढे होते?

महिलांची पॅरिस–रुबे पहिल्यांदा ऑक्टोबर 2021 मध्ये, पावसात आणि चिखलात झाली. निकालात लोंगो बोर्गिनी तिसरी दिसते. पहिली आलेली लिझी डेग्नन तिच्याच संघातली होती आणि ऐंशी किलोमीटरांहून अधिक अंतर बाकी असताना एकटी पुढे निघून गेली होती. आपल्या संघातली खेळाडू पुढे असताना मागच्यांनी पाठलागाला हातभार लावायचा नसतो, हा या खेळाचा अलिखित पण कडक नियम आहे. म्हणून त्या दिवशीचा तिसरा क्रमांक हा हरलेल्या खेळाडूचा क्रमांक म्हणून वाचणे चुकीचे ठरेल.

त्याहून बोलके उदाहरण त्याच वर्षीच्या, बेल्जियममधील लुव्हेन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेचे आहे. तेथे इटलीची एलिसा बाल्सामो मारियाना फॉसला स्प्रिंटमध्ये हरवून विश्वविजेती झाली. शेवटच्या किलोमीटरमध्ये बाल्सामोला आपल्या मागे घेऊन वेग वाढवणारी, वाऱ्याला छाती देणारी आणि योग्य क्षणी बाजूला होणारी खेळाडू लोंगो बोर्गिनी होती. पदकांच्या यादीत या कामाची नोंद नसते. इटालियन सायकलिंगप्रेमींना मात्र ते पक्के आठवते, आणि माझ्या मते तिच्याविषयीच्या आदराचा मोठा वाटा अशाच कामातून आलेला आहे. 2024 मध्ये हे कर्ज वेगळ्या रूपाने फिटले. फ्लँडर्सच्या शेवटी तिघी जणी एकत्र उरल्या, त्यांत शिरिन व्हान आनरॉय ही तिच्याच संघातली होती. एका संघाच्या दोघी असताना एकटी पडलेली काताझिना नेविआदोमा कोंडीत सापडली आणि स्प्रिंटमध्ये लोंगो बोर्गिनीने तिला हरवले.

या प्रकारची माहिती मिळवण्यासाठी निकालाऐवजी शर्यतीचे सविस्तर वृत्त वाचावे किंवा शेवटच्या तासाभराचे चित्रण पाहावे. पाहताना पुढच्या खेळाडूकडे कमी आणि तिच्या मागे बसलेल्यांच्या जर्सीच्या रंगांकडे अधिक लक्ष द्यावे. कोण काम करते आहे आणि कोण करत नाही, हे काही शर्यतींतच ओळखता येऊ लागते.

कांस्यपदकांचा अर्थ लावताना

आता त्या पाच कांस्यपदकांकडे यावे, आणि घाई करू नये.

पहिले 2012 मध्ये फाल्केनबर्ग येथील जागतिक स्पर्धेतले. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि त्या काळात जवळजवळ अजिंक्य असलेल्या मारियाना फॉसने ती शर्यत जिंकली. वीस वर्षांच्या मुलीने तिसरे येणे ही भविष्याची चाहूल मानली गेली, ते योग्यच होते. दुसरे 2016 च्या रिओ ऑलिंपिकमधले. अमेरिकेची मारा अ‍ॅबट एकटी आघाडीवर होती आणि मागून आना व्हान डेर ब्रेगन, एमा योहानसन आणि लोंगो बोर्गिनी या तिघींनी तिला शेवटच्या काहीशे मीटरांत गाठले. चौघींपैकी एकीला रिकाम्या हाताने परतायचे होते, ती अ‍ॅबट ठरली. येथे कांस्य हे पाठलागातून कमावलेले पदक आहे. तिसरे 2020 मध्ये इमोला येथे, मायदेशात. व्हान डेर ब्रेगन फार आधी निघून गेली होती आणि रौप्यपदकासाठी लोंगो बोर्गिनी व आनेमीक व्हान फ्लॉयटन यांच्यात स्प्रिंट झाली. काही दिवसांपूर्वीच मनगट मोडलेल्या व्हान फ्लॉयटनने ती अगदी थोडक्यात जिंकली. या एका पदकाबद्दल हळहळ वाटणे मला रास्त वाटते. पाच वर्षांनी 2025 च्या जिरोचा अखेरचा टप्पा त्याच इमोलाच्या मोटारशर्यतीच्या मैदानावर संपला आणि त्या वेळी गुलाबी जर्सी तिच्या अंगावर होती.

चौथे, 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमधले, सर्वांत विलक्षण आहे. ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतात आणि मोठ्या देशांचेही संघ जेमतेम चार जणींचे असतात. ऑस्ट्रियाची आना कीझेनहोफर सुरुवातीलाच निसटली आणि मागच्या घोळक्यातील अनेकींना ती अजून पुढे असल्याची कल्पनाच राहिली नाही. व्हान फ्लॉयटनने दुसरी येऊनही आपणच जिंकलो असे समजून हात उंचावले. त्या गोंधळात तिसरे येणे हे शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या हिमतीवर निघण्याचे फळ होते. पाचवे कांस्य 2024 मध्ये झ्युरिखच्या पावसात, कोपेकी आणि क्लोई डायगर्ट यांच्या मागे. पहिल्या आणि पाचव्या पदकात बारा वर्षांचे अंतर आहे, आणि महिला सायकलिंगचा दर्जा या काळात किती वाढला हे लक्षात घेतले की शिखरावर इतकी वर्षे टिकून राहणे कोणत्याही एका सुवर्णपदकापेक्षा कमी मोलाचे वाटत नाही.

रिकाम्या जागाही वाचाव्यात

कागदावर जिथे नोंदी अचानक थांबतात, तिथे कारण शोधावे. 2013 मध्ये मार्चमध्ये ट्रोफेओ आल्फ्रेदो बिंदा जिंकल्यानंतर जूनमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतीत तिचा गंभीर अपघात झाला. टूर द फ्रान्स फाम, म्हणजे महिलांची टूर द फ्रान्स, आताच्या रूपात 2022 मध्ये सुरू झाली, त्या वर्षी ती सहावी आली. 2023 मध्ये संसर्गामुळे तिला मध्येच माघार घ्यावी लागली, आणि 2024 मध्ये सरावात पडल्याने ती सहभागीच होऊ शकली नाही. त्यामुळे फ्रान्समधील निकालांवरून तिची योग्यता ठरवणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या प्रकारची रिकामी जागा काळाची असते. महिलांची फ्लँडर्स 2004 मध्ये, स्त्रादे बियांके 2015 मध्ये आणि रुबे 2021 मध्ये सुरू झाली. लुपेरिनीच्या नावासमोर या शर्यती दिसत नाहीत, कारण तिच्या बहराच्या काळात त्या नव्हत्याच. दोन पिढ्यांतील खेळाडूंची तुलना करताना उपलब्ध शर्यतींची यादी आधी जुळवून घ्यावी.

लोकप्रियता कशी मोजावी

समाजमाध्यमांवरील अनुयायांची संख्या हे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुबळे माप आहे. त्याऐवजी आधी विचारावे, की तिची शर्यत लोकांना दिसत होती का? 2020 पासून महिलांच्या सर्वोच्च मालिकेतील शर्यतींना किमान 45 मिनिटांचे थेट प्रक्षेपण सक्तीचे झाले. ते न दाखवल्यामुळे खुद्द इटलीची जिरो 2021 मध्ये त्या मालिकेतून खाली घसरली होती. म्हणजे लोंगो बोर्गिनीच्या पहिल्या दशकातील पुष्कळ उत्तम कामगिरी तिच्याच देशबांधवांनी थेट पाहिलेली नाही. पुरुषांची जिरो भरवणाऱ्या संस्थेने 2024 पासून महिलांची जिरोही हाती घेतली, आणि त्याच वर्षी लोंगो बोर्गिनीने ती जिंकली. हा योग जुळला नसता, तर तोच विजय कितीतरी कमी घरांत पोहोचला असता.

दुसरे माप म्हणजे पोकळी. इटालियन पुरुषाने जिरो जिंकल्याला, विन्चेन्झो निबालीच्या 2016 मधील विजयानंतर, बराच काळ लोटला. सायकलिंगवर जीव टाकणाऱ्या देशाला स्वतःच्या गुलाबी जर्सीची ओढ होती आणि ती एका महिलेने पुरी केली.

तिसरे माप घराजवळचे. ट्रोफेओ आल्फ्रेदो बिंदा ही महिलांची जुनी शर्यत चित्तिल्यो येथे संपते, आणि ओर्नावास्सो माज्जोरे सरोवराच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिने ती 2013 आणि 2021 मध्ये जिंकली. घरच्या रस्त्यांवरची शर्यत खेळाडू किती निष्ठेने खेळते आणि रस्त्याच्या कडेला तिच्या नावाचे फलक किती वर्षे टिकतात, हे छायाचित्रांमधून पाहता येते.

आणि या साऱ्याच्या मागे आल्फोन्सिना स्त्रादा हे नाव ठेवावे. 1924 मध्ये तिने पुरुषांच्या जिरोमध्ये भाग घेतला. वादळी वाऱ्यातल्या लाक्विला–पेरूजा टप्प्यात ती वेळेच्या मर्यादेबाहेर गेली, तरी अधिकृत क्रमवारीबाहेर राहून तिने शर्यत मिलानपर्यंत पूर्ण केली. बरोबर शंभर वर्षांनी लोंगो बोर्गिनीने आपली पहिली जिरो त्याच लाक्विला शहरात जिंकली. इटालियन सायकलिंगप्रेमी तिच्याविषयी बोलतात तेव्हा हा वारसा त्यांच्या मनात असतो, आणि तो माहीत नसलेल्या वाचकाला त्यांचा उत्साह अवास्तव वाटण्याचा धोका आहे.

प्रत्यक्ष शर्यत पाहताना

इतके वाचून झाल्यावर एक पूर्ण शर्यत थेट पाहावी. इटलीची वेळ उन्हाळ्यात भारतीय वेळेपेक्षा साडेतीन तासांनी आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते. त्यामुळे मार्चच्या सुरुवातीच्या स्त्रादे बियांकेसाठी वेगळा आणि एप्रिलच्या फ्लँडर्ससाठी वेगळा हिशेब करावा लागतो. सुरुवात फ्लँडर्सपासून करणे उत्तम, कारण तिथे चढ लागोपाठ येतात आणि शर्यत कुठे फुटू शकते याचा अंदाज नकाशावरून आधीच बांधता येतो. मार्गाचा उंचसखल आलेख समोर ठेवावा, त्यावर ओउडे क्वारेमोंट आणि पातेरबर्ग हे शेवटचे दोन चढ खुणेने दाखवावेत आणि तिथे पोहोचेपर्यंत प्रत्येक संघाच्या किती जणी पुढच्या गटात उरल्या, हे दर दहा किलोमीटरांनी लिहून ठेवावे. शर्यत संपल्यावर निकाल पाहण्याआधी हा कागद वाचावा. विजेतीचे नाव त्यातून नेहमी कळेल असे नाही, पण ती का जिंकली आणि बाकीच्या कशा हरल्या, हे बहुतेक वेळा त्यातच सापडते.